तोंडावर ताबा नाही म्हणे

लठ्ठ माणसाला सल्ला द्यायला आपल्याकडे पदवी लागत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा, सोसायटीचा वॉचमन, भाचीच्या सासरची मावशी, सगळ्यांकडे निदान तयार असतं. खाणं जास्त, हालचाल कमी. जिभेवर ताबा ठेवा, सकाळी उठून चालायला जा. हीच मंडळी थोड्या वेळापूर्वी जिलबीचा आग्रह करत असतात आणि नको म्हणणाऱ्याला "एकानं काय होतंय" असं सुनावत असतात, ही गोष्ट वेगळी.

या निदानात हिशेबाची चूक नाही. शरीरात खर्चापेक्षा जास्त उष्मांक गेले तर ते चरबी होऊन साठणार. पण मुलगा नापास का झाला या प्रश्नाला 'मार्क कमी पडले म्हणून' असं उत्तर द्यावं, त्यातला हा प्रकार आहे. मार्क का कमी पडले, हे राहिलंच. जास्त का खाल्लं जातं? तेवढंच खाऊन एक जण बारीक राहतो आणि दुसरा सुटतो, तो कशामुळे? 2022 साली जगातली शंभर कोटींहून जास्त माणसं लठ्ठपणाच्या व्याख्येत बसत होती. एवढ्या सगळ्यांची इच्छाशक्ती दोन-तीन पिढ्यांत एकदम ढासळली, असं मानायला मी तरी तयार नाही.

'तोंडावर ताबा नाही' हे स्पष्टीकरण टिकून राहिलं आहे ते सोयीचं आहे म्हणून. खाऊची पाकिटं विकणाऱ्याला ते सोयीचं, सरकारला सोयीचं, जिमवाल्याला तर फारच. आपल्या मुलखात ते आणखी एका कारणानं फसतं. इथल्या पुष्कळ लठ्ठपणाची मुळं भरल्या ताटात सापडत नाहीत, ती उपासमारीत सापडतात.

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत: पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, तंतोतंत सारखा: 22.3. कुठल्याही तक्त्यात दोघेही ठणठणीत ठरावेत. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांची 21.2. वजनकाटा दोघांनाही एकच मार्क देत होता.

एसटी स्टँडवर दहा मिनिटं उभं राहिलं तरी याचा पडताळा येतो. शर्ट खांद्यावर ढगळ, मनगटं काटकुळी, आणि पोटावरचं बटण ताणलेलं. अशा माणसाला आपण लठ्ठ म्हणतही नाही. 'जरा पोट सुटलंय' एवढंच म्हणतो. पण यकृत आणि स्वादुपिंड यांच्या आसपास साठलेली हीच चरबी मधुमेहाला लवकर बोलावते. म्हणून भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा 30 ऐवजी 25 वर आणावी लागली आणि कमरेचा घेर पुरुषांना 90 सेंटिमीटर, स्त्रियांना 80 अशी मर्यादा घालावी लागली. 2023 मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत लठ्ठ माणसांचं प्रमाण 28.6 टक्के निघालं, पण पोटाचा लठ्ठपणा असलेल्यांचं 39.5. त्याच पाहणीनुसार देशात मधुमेही होते 10 कोटी 10 लाख.

हे असं शरीर येतं कुठून? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांची नोंद ठेवायला घेतली, तीही दिवस जाण्याच्या आधीपासून. शेतात राबणाऱ्या बाया, वजन सरासरी चाळीस-बेचाळीस किलो. त्यांची बाळं भरली सरासरी 2.7 किलो. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं वजन होतं साडेतीन किलो. इथपर्यंत नवल काही नाही. नवल पुढे आहे. पुण्याकडची बाळं सगळ्या अंगांनी सारखी लहान नव्हती. त्यांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवर खांद्याच्या पात्याखाली त्वचा चिमटीत धरून जो चरबीचा थर मोजतात, तो त्या मानानं फारसा घटलेला नव्हता. पावणेतीन किलोचं हडकुळं बाळ, आणि तरी आतून चरबी राखून असलेलं.

पोटातल्या जिवाला अन्न कमी पडलं की तो काटकसरीचा संसार मांडतो. मेंदू वाचवायचा, थोडी चरबी गाठीला ठेवायची, स्नायूंवरचा खर्च टाळायचा. जन्मानंतरही टंचाईच असेल तर हे शहाणपण उपयोगी पडतं. पण तेच मूल मोठं होऊन शहरात आलं, चहाबरोबर चार बिस्किटं आणि दुपारी भाताचा डोंगर खाऊ लागलं, की काटकसर अंगाशी येते. जेवणातून रक्तात आलेली साखर सामावून घेणारी सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू, आणि ते या शरीरात मुळातच कमी. साखर रक्तात रेंगाळते, उरलेलं पोटावर चढतं. पुण्याजवळच्या त्या खेड्यांत दोन तृतीयांशांच्या आसपास बायकांना ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्यांच्यात ब-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा सर्वांत ठळक दिसल्या. सहाव्या वर्षी! कुठल्या जिभेवरचा ताबा सुटला होता तिथे?

हे केवळ आपल्याकडचं नाही. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली आणि तिथे भीषण उपासमार झाली. पुढे सैन्यभरतीसाठी एकोणीस वर्षांच्या सुमारे तीन लाख तरुणांची वजनं-उंची नोंदली गेली. 1976 मध्ये त्या नोंदी तपासल्या, तेव्हा गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात ज्यांच्या आया उपाशी होत्या, त्यांच्यात लठ्ठपणा जास्त आढळला. हे वाचताना मला आपला 1972 चा दुष्काळ आठवतो. मिलो आणि सुकडीवर दिवस काढत ज्या बायका खडी फोडत होत्या, त्यांच्या पोटातली माणसं आज पन्नाशीच्या पुढे आहेत. त्यांतली कितीतरी पिंपरी-चिंचवडला, नव्या मुंबईला, नाशिकच्या अंबड-सातपूरला येऊन स्थिरावली. त्यांच्या सुटलेल्या पोटाकडे बघून डॉक्टर 'काका, खाणं आवरा' म्हणतात, तेव्हा काकांच्या आईनं काय खाल्लं होतं हे केसपेपरवर कुठेच नसतं.

गर्भाशयाच्या आधी येते ती रक्ताची देणगी. कॅनडात क्लोद बुशार यांनी जुळ्या तरुणांच्या बारा जोड्या घेतल्या आणि शंभर दिवस, आठवड्यातले सहा दिवस, प्रत्येकाला रोज हजार उष्मांक जादा खाऊ घातले. सगळ्यांना सारखेच. 1990 मध्ये निकाल छापून आला: कुणाचं वजन चार किलोंनी वाढलं, तर कुणाचं तेरा. मात्र जुळ्या भावांचं वजन एकमेकांच्या जवळपास राहिलं. जादा अन्न एकच, पण त्याचं काय करायचं हे प्रत्येकाच्या शरीरानं घराण्याच्या रिवाजाप्रमाणे ठरवलं.

भूकसुद्धा आपल्या हातची नाही. 1994 मध्ये अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या संप्रेरकाचा जनुक सापडला. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात आणि मेंदूला 'साठा पुरेसा आहे' असा निरोप जातो. तीन वर्षांनी केंब्रिजच्या डॉक्टरांना दोन चुलत भावंडं सापडली, ज्यांच्या अंगात लेप्टिन बनतच नव्हतं. आठ वर्षांची मुलगी 86 किलोंची, दोन वर्षांचा मुलगा 29 किलोंचा. अखंड भूक. अशा मुलांना लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर ती चारचौघांसारखी जेवू लागली. हा दोष अगदी दुर्मीळ आहे, शंभरातल्या नव्व्याण्णव लठ्ठ माणसांना तो लागू नाही. पण इंजेक्शन मिळेपर्यंत त्या आईबापांना किती जणांनी 'लाडावून ठेवलंय' म्हणून ऐकवलं असेल, याची कल्पना मराठी वाचकाला करून द्यायला नको.

आता तर हा प्रयोग गल्लोगल्ली चालू आहे. मार्च 2025 मध्ये माउंजारो भारतात आलं, पाठोपाठ जूनमध्ये वेगोव्ही. आतड्यातल्या संप्रेरकांची नक्कल करणारी ही औषधं आठवड्यातून एकदा टोचायची, की पंधरा वर्षं 'सुटत नाही' म्हणणारा माणूस अर्ध्या पोळीवर हात आखडतो आणि मनात सतत चाललेला खाण्याचा विचार थांबला म्हणतो. ज्याला आपण संयम म्हणत होतो, तो सुईतून देता येतो तर! सुरुवातीला महिन्याचा खर्च चौदा हजारांच्या पुढे होता. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला इच्छाशक्ती विकत मिळते आणि बाकीच्यांनी ती सकाळी फिरायला जाऊन कमवायची.

इथे कुणी म्हणेल, जनुकं काही चाळीस वर्षांत बदलत नाहीत. बरोबर आहे. बदलला तो भोवताल. काटकसरी शरीर पूर्वीही होतं, पण त्याला फसवणारं अन्न आताइतकं हाताशी नव्हतं. 2019 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या केव्हिन हॉल यांनी वीस माणसांना चार आठवडे संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात प्रक्रिया झालेलं अन्न, दोन आठवडे साधं रांधलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ, तंतू सारखे होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. कारखान्याच्या अन्नावर माणसं रोज सुमारे पाचशे उष्मांक जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत सरासरी जवळजवळ एक किलोनं वाढली. साध्या जेवणावर तितकीच उतरली. माणसं तीच होती आणि त्यांची इच्छाशक्तीही तीच.

आपल्याकडे हे अन्न पाच रुपयांत येतं. शाळेच्या फाटकासमोरचं कुठलंही दुकान बघा. शटरच्या वर, बाजूला, मुलांच्या नजरेच्या उंचीवर रंगीत पाकिटांच्या माळा टांगलेल्या असतात. आत मका किंवा बटाटा, पामतेल, मीठ, मसाला. महागाई वाढली तरी किंमत पाचच राहते, आतला माल कमी होतो आणि हवा वाढते. पोराच्या मुठीत पाचचं नाणं बसतं हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. दुकानदारालाही दोष देता येत नाही. केळं दुसऱ्या दिवशी काळं पडतं, पाकीट महिनोन्महिने टिकतं. सकाळी सहाला कामावर गेलेल्या आईनं डब्याऐवजी हातावर ठेवायचं ते काय, तर हेच नाणं. 2023-24 च्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चातला 11 टक्क्यांहून जास्त वाटा पेयं, बाहेरचं खाणं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर गेला. खेड्यांत तो दहाच्या जवळ होता. धान्य, दूध, भाजी, यांतल्या प्रत्येकापेक्षा हा वाटा मोठा होता.

या ठिकाणी उद्योग नेहमी एक युक्ती करतो: बोट व्यायामाकडे दाखवतो. 2015 मध्ये असं उघड झालं की लठ्ठपणात खाण्यापेक्षा व्यायामाचा अभाव महत्त्वाचा, असं सांगत फिरणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका अमेरिकी संस्थेला कोका-कोलानं पैसे दिले होते. वर्ष संपायच्या आत संस्था गुंडाळली गेली. टांझानियातले हाडझा लोक शिकार आणि कंदमुळं शोधत रोज मैलोन्मैल चालतात, पण शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकन माणसाइतकाच भरला. हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे कात्री लावतं. व्यायाम हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी अमोल आहे. वजन उतरवण्याचं हत्यार म्हणून मात्र तो बोथट आहे.

मुलांच्या बाबतीत मी हे वाक्य इतक्या सरळपणे लिहिणार नाही. जन्मतः स्नायू कमी असलेल्या मुलाला ते कमावण्याची संधी खेळातच मिळते, आणि ती आपण काढून घेतली. मुंबईत माणशी मोकळी जागा दीड चौरस मीटरही नाही. त्यात सूर्यनमस्कारसुद्धा नीट होणार नाही. सोसायटीच्या मैदानाचं पार्किंग झालं, संध्याकाळ क्लासला गेली, आणि मूल मोबाईल घेऊन बसतं म्हणून ओरडा पुन्हा मुलालाच.

याच देशात लहान मुलांबद्दल दुसरा आकडा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी होती. जास्त वजनाची मुलं चार-पाच वर्षांत 2.1 टक्क्यांवरून 3.4 वर गेली. वर्तमानपत्रात या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर येतात, एक मेळघाटच्या संदर्भात, दुसरी मुंबईतल्या महागड्या शाळेच्या. पण खुजं राहिलेलं मूलच पुढे स्वस्त अन्नावर सुटतं, ही एकाच शरीराची गोष्ट आहे. कुपोषणाचं खातं एकीकडे आणि लठ्ठपणाचं दुसरीकडे ठेवल्यामुळे ती कुणाच्याच टेबलावर येत नाही.

मध्यंतरी महाराष्ट्रात वजन उतरवायला 'दिवेकर की दीक्षित' असा सवाल घरोघर रंगला होता. पहिला पक्ष दोन-दोन तासांनी थोडं खा म्हणणारा, दुसरा दिवसातून दोनदाच. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं आहेत आणि त्यांच्या अनुभवाची मी चेष्टा करणार नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तर हा सल्ला फुकट वाटला, हे आजच्या बाजारात थोडंथोडकं नाही. पण दोन्ही पद्धतींत एक गृहीत धरलेलं आहे: कधी खायचं आणि काय खायचं, हे खाणाऱ्याच्या हातात असतं. बारा तासांच्या ड्युटीवर उभा असलेला सिक्युरिटी गार्ड दुपारी तीनला वडापाव खातो, कारण तेव्हा सुटका होते आणि तेवढेच पैसे असतात. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेला भात संपवणाऱ्या गृहिणीला 'पोर्शन कंट्रोल' शिकवणं म्हणजे तिच्या स्वयंपाकघरात कुणी कधी डोकावलंच नाही याची कबुली.

मग माणसाची काहीच जबाबदारी नाही का, हा प्रश्न रास्त आहे. आहे, जरूर आहे. मधुमेह झाल्यावर रोज पाव किलो पेढे खाणाऱ्याला जनुकांच्या आड लपू देऊ नये. पण जबाबदारी हातातल्या सत्तेच्या प्रमाणात मोजावी, इतकं साधं तत्त्व आपण इतर ठिकाणी पाळतो. इथे सहा वर्षांच्या पोरावर आणि त्याच्या आईवर ती शंभर टक्के, आणि कायदे करणाऱ्यांवर शून्य, अशी वाटणी झाली आहे. 

चिलीनं 2016 मध्ये काय केलं ते पाहा. साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक मर्यादेपलीकडे असलेल्या प्रत्येक पाकिटावर काळा अष्टकोनी शिक्का, अशा पदार्थांवरच्या कार्टूनना बंदी, शाळेत विक्रीला बंदी. गोड पेयांची खरेदी जवळपास चतुर्थांशानं घसरली. चिलीतल्या लोकांचं चारित्र्य त्या साली अचानक सुधारलं नव्हतं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2022 मध्ये मसुदा काढला तो ताऱ्यांचा. कितीही वाईट पदार्थ असला तरी अर्धा तारा मिळणारच! धोक्याची सूचना द्यायची तर बक्षिसाची खूण कशाला? जानेवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी देशाला जेवणातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. सल्ला चांगलाच होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोड शीतपेयं जीएसटीच्या 40 टक्क्यांत गेली, हेही चांगलं झालं. पण त्याच दिवसापासून बिस्किटं, फरसाण, चॉकलेट, आइस्क्रीम 5 टक्क्यांवर उतरली. घरच्या कढईतलं तेल मोजायचं आणि पाकिटातलं स्वस्त करायचं, हे कोडं अर्थखात्यानंच सोडवावं.

आणि महाराष्ट्र सरकारनं? याज्ञिकांच्या खेड्यांतल्या आयांना ज्या ब-12 ची उणीव होती, ते झाडपाल्यातून मिळत नाही. दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्यानं शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं सुरू केलं. न खाणाऱ्यांसाठी केळ्याची सोय होती, अंड्यामागे तरतूद पाच रुपयांची. काहींनी विरोध केला, पण ते अंडं खेड्यापाड्यांतल्या मुलींच्या ताटातही पडत होतं. याच मुली दहा-पंधरा वर्षांनी आया होणार. जानेवारी 2025 च्या शासन निर्णयानं अंड्याचा निधी बंद झाला. द्यायचंच असेल तर शाळांनी लोकवर्गणी काढावी, असं त्यात म्हटलं आहे.